चिंबोरीने पास केलेला ठराव

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना गरम-थंड काही कळत नाही. अंधेरीत वेसाव्याच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या ओढल्या, त्याचं हे बक्षीस. उकळत्या चहाचा ग्लास मी निवांत धरून बसतो आणि नवीन माणसाला वाटतं, केवढा हा सोशिक! सोशिक कसला, बोटंच मेलीत. संपादक म्हणाले, "परब, बर्फातलं काहीतरी लिहा ना आमच्या अंकाला." मी म्हटलं, अहो, बर्फात लिहिण्यासारखं काय असतं? पाणी आत घालायचं, बर्फ बाहेर काढायचा. मग घरी येता येता पेडणेकर सर आठवले आणि रिक्षात एकटाच हसायला लागलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोठा हौद, त्यात मिठाचं पाणी आणि अमोनियाच्या नळ्या. मिठाचं पाणी उणे दहापर्यंत गार होतं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे. दीड-दोन दिवसांनी डबा वर खेचायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, की लादी सुळकन बाहेर. हयगय केली तर लादी दुधाळ होते, ठिसूळ. पण डब्यात हवेची नळी सोडून पाणी सारखं हलतं ठेवलं, तर अशी नितळ येते की पलीकडे पेपर धरून वाचावा. होड्यांना दुधाळ चालते, त्यांना चुराच करायचा असतो. मला मात्र नितळ लादीची भारी हौस. मालक वैतागायचे, "परब, मासे काय त्यात तोंड बघणार आहेत?"

गिऱ्हाईकं म्हणजे कोळणी, रसवंतीवाले, लग्नाचे हॉल आणि मयतवाले. हो, मयतवाले. तेव्हा थंड पेट्या-बिट्या कुठे होत्या सगळीकडे? मुलगा दुबईहून किंवा मुलगी लांबून यायची असली की घरात बर्फाच्या लाद्या लावून मयत ठेवायचं. आमच्याकडे त्याला एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता. मयताचा बर्फ रांगेत थांबत नाही. बाहेर पन्नास टोपल्या का असेनात, होडी भरतीला अडलेली का असेना, "मयत आहे" म्हटलं की पहिली लादी त्याची. एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या कोळणी त्या वेळी निमूट बाजूला व्हायच्या. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाची मोतीबाय. तिची माझी दोस्ती पहिल्या दिवसापासून, म्हणजे तिने मला पहिली शिवी दिली त्या दिवसापासून.

तर हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, त्याच साली एप्रिल-मे महिन्यात एक सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ कारखान्यात शिरले. सात बंगल्याजवळच्या एका सोसायटीत राहणारे पेडणेकर सर, शाळेत विज्ञान शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात तीन पेनं. आल्या आल्या विचारलं, "तुमच्याकडे उणे एकशे शहाण्णव आहे का?"

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे उणे दहा आहे. त्याखाली तुमचं नशीब."

हसले. मग भुशाच्या पोत्यावर बसून त्यांनी मला क्रायोनिक्स समजावलं. अमेरिकेत म्हणे काही लोक मेल्यावर देह जाळू किंवा पुरू देत नाहीत. उणे एकशे शहाण्णवच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. पुढे कधीतरी विज्ञान सुधारेल, तेव्हा उठवतील या आशेवर. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आवशीचो घो, ह्यो माणूस काय विकत घेवक इलो हा?

"कशाला पण, सर?" मी विचारलं. "उठून करणार काय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी एकोणीसशे दहाला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून हा धूमकेतू बघितला होता. अर्ध्या आकाशभर शेपटी, सगळा गाव वाळूत येऊन उभा. वडिलांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की सरांनी लहानपणीच ठरवलं, पुढच्या फेरीला आपण बघायचा. शहाऐंशी सालची वाट बघत माणूस म्हातारा झाला. आणि तो आला तेव्हा आमच्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर पहाटे शाळेतल्या पोरांना घेऊन उभे राहिले, तर धूमकेतू शहराच्या बाजूला! शहराचे दिवे काय विझतात होय? दुर्बिणीतून एक पुसट ठिपका दिसला, तोसुद्धा तोच होता की नाही याची खात्री नाही.

"मला अमर नाही व्हायचं, परब," सर म्हणाले. "पंचाहत्तर वर्षांची रजा हवी. दोन हजार एकसष्टला तो परत येतो. तेवढा बघू दे, मग खुशाल जाळा."

आता अशा माणसाला "चला, निघा" कसं म्हणणार? मी चहा मागवला.

नायट्रोजन बघू नंतर, असं सरांचं म्हणणं. आधी कागद हवा. मेल्यावर देह थंडीत ठेवायला कायद्याने परवानगी आहे असा एक कागद एकदा निघाला, की बाकीचं पुढची पिढी करेल. त्यांनी अर्ज लिहिला होता, सुंदर अक्षरात, समासासकट. मला 'शीततज्ज्ञ' म्हणून बरोबर नेलं. चौथी नापास परब शीततज्ज्ञ!

मृत्यूच्या नोंदी जिथे होतात ती कचेरी. कोणती ते सांगत नाही. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"सर, आमच्याकडे दोन रकाने. दहन किंवा दफन. तुम्हाला कशात टाकू?"

"तिसरा रकाना काढा."

"मी? अहो, मला खुर्चीची मोडकी पाठ बदलून मिळत नाही. आणि बघा, दाखला घेतलात तर तुम्ही मेलात. मेलात तर विल्हेवाट लावायला हवी. दाखला नाही घेतलात तर तुम्ही जिवंत. आणि जिवंत माणसाला बर्फात घातलं तर हे तुमचे तज्ज्ञ आत जातील."

"मी कशाला?" मी उठलोच.

शेवटी कारकुनाने आम्हाला वाटेला लावायची युक्ती काढली. म्हणाला, अर्ज वर पाठवतो, पण त्याला राहत्या सोसायटीचं ना-हरकत पत्र जोडा. बेरकी माणूस. मुंबईतली सोसायटी बाल्कनीत तुळस ठेवायला ना-हरकत देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण सोसायटीच्या आधी घर होतं. सरांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, बोलणं तुकडे पाडणारं. सरांनी बेत सांगितला तेव्हा मी तिथेच पोहे खात होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी?"

"तू म्हणजे?"

"मी काय करायचं ते सांगा ना. तुम्ही त्या पिंपात बसणार पंचाहत्तर वर्षं. मी कुंकू लावायचं की पुसायचं? नवरा गेला म्हणून बसू, की नवरा गावाला गेलाय म्हणून बसू? हळदीकुंकवाला मला बोलावणार की नाही? तेवढं कागदावर लिहून आणा, मग जा कुठे जायचं तिथे."

आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारलेला माणूस, पोह्यातले शेंगदाणे मोजत बसला. दुसऱ्या दिवशी मात्र अर्जात एक कलम वाढलं होतं, 'अर्जदाराच्या पत्नीचा दर्जा'. पुढे नुसती टिंबं.

सोसायटीची सभा रविवारी सकाळी, खालच्या मोकळ्या जागेत. सेक्रेटरी नाडकर्णी बँकेतले, नियमाला चिकटलेले. त्यांनी सरांना आधीच बजावलं होतं, नुसतं भाषण चालणार नाही, काहीतरी पुरावा दाखवा. सर माझ्याकडे आले. "परब, गोठलेला जीव परत उठतो असं काही आहे का?"

मी मोतीबायला विचारलं. ती खदखदून हसली. "पापलेट बरफान ठेवलास त ताजा ऱ्हाते रे, जिता नाय होत. मास्तरला जिता करून दाखवाचा हाय? मंग चिंबोरी ने. बरफान घातली का गप पडते, उन्हान ठेवली का चालाया लागते."

इथे माझी चूक झाली. चिंबोरी, म्हणजे आमचा खेकडा, बर्फात लगेच मरत नाही, गारठून निपचित पडते. हे मला माहीत, मोतीबायला माहीत, वेसाव्याच्या शेंबड्या पोराला माहीत. सरांना माहीत नव्हतं. ते मासे ताटातले ओळखायचे, टोपलीतले नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की जीभ उचलेना. म्हटलं, जाऊ दे, सोसायटी थोडीच मान्य करणार आहे!

सभेला मी पहाटेच चुऱ्यात पुरलेली चिंबोरी थर्माकोलच्या डब्यातून घेऊन गेलो. चांगली तळहाताएवढी, नांग्या सुतळीने बांधलेल्या. सर्वांनी टोचून बघितली. नाडकर्णींनी पेन्सिलने डोळ्याला स्पर्श केला. "मृत आहे," असं त्यांनी बुकात लिहिलंसुद्धा. तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "परब, तुम्ही जाणकार. सांगा सगळ्यांना, मेली होती ना?"

पंचवीस-तीस डोकी माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "हलत नव्हती, सर."

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि ते मला तिथल्या तिथे टोचलं.

चिंबोरी टेबलावर उन्हात ठेवली आणि सर बोलायला लागले. पेशी, रक्त, थंडी, काळ. माणूस बोलायचा झकास, यात शंका नाही. मागच्या रांगेतले जांभया द्यायचे थांबले. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, पहिला पाय हलला. "अगं बाई!" कोणीतरी ओरडलं. मग दुसरा पाय. आणि काय झालं कोण जाणे, ओल्या सुतळीची गाठ सुटली. चिंबोरी उठली, टेबलाच्या कडेपर्यंत तिरकी तिरकी चालत गेली आणि तिने नाडकर्णींचं सभेचं बुक नांगीत पकडलं. नाडकर्णी बुक सोडेनात, चिंबोरी बुक सोडेना. बायका खुर्च्यांवर चढल्या. तळमजल्यावरचे शाकाहारी आजोबा काठी उगारून "पास करा, पास करा, पण तिला न्या!" म्हणून ओरडत होते. मतदान झालं तेव्हा निम्मे सभासद खुर्चीवर उभे होते आणि दोन्ही हात वर होते. ठराव एकमताने मंजूर झाला. 'श्री. पेडणेकर यांचा देह बर्फात अथवा तत्सम थंड माध्यमात ठेवण्यास संस्थेची हरकत नाही.'

एक गोष्ट मला तेव्हा नवल वाटली. पहिला हात वर झाला तो काकूंचा. कोणी मतं मागायच्या, चिंबोरीचा पाय हलायच्याही आधी.

त्या दिवशी सर इतके खूश होते की त्यांनी मला मिठी मारली. मला मात्र जेवण गेलं नाही. मोतीबायने पुढच्याच आठवड्यात मला फैलावर घेतलं. "तू मास्तरला फशिवलास, परबा. देवमानूस हाय तो." मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. शेवटी तिनेच सरांना बाजारात गाठून सांगून टाकलं.

सर कारखान्यात आले. मी पोत्यावरचा भुसा झटकून जागा केली. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे परब," ते हौदाकडे बघत म्हणाले, "मरायच्या आधीच बर्फात शिरायला हवं."

"सर, त्याला आत्महत्या म्हणतात. त्यात पोलीस पकडतात."

"तेही जिवंत सापडलो तरच ना!" आणि हसायला लागले. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. म्हणाले, "प्रयोग चुकला तर प्रयोगवहीत लिहायचं, बस्स." आणि खरोखर त्यांनी त्याच दिवशी नाडकर्णींना पत्र दिलं, की दाखवलेला पुरावा चुकीचा होता, तरी ठराव रद्द करावा. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण ठराव रद्द करायला सभा लागते, सभेला गणसंख्या लागते, आणि चिंबोरीनंतर त्या सोसायटीत सभेला माणूस फिरकेना. नाडकर्णींनी तीनदा नोटीस लावली, तीनदा सभा तहकूब. ठराव तसाच राहिला.

ठराव जोडून अर्ज आधीच वर गेला होता, त्याला कचेरीचं उत्तर मात्र आलं, सव्वा वर्षाने. 'सदर अर्जाबाबत अर्जदाराने स्वतःच्या मृत्यूच्या मूळ दाखल्यासह समक्ष हजर राहावे.' सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की काकू स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आल्या. त्यांनी ते पत्र कॅलेंडरखाली टाचणीने लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सर ते अभिमानाने दाखवायचे. धूमकेतूचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. कधी किनाऱ्यावर भेटले तर आकाशाकडे नाही, पाण्याकडे बघत बसलेले असायचे. मला वाईट वाटायचं.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात एका दुपारी कारखान्यात फोन आला. काकू होत्या. आवाज अगदी नेहमीचा.

"परब, तुमचा तो नियम अजून आहे ना? रांगेत न थांबण्याचा?"

सर जेवून खुर्चीत पेपर वाचत बसले होते, तसेच गेले. एकुलती एक मुलगी सुधा आसामात, जावई तिथे चहाच्या मळ्यावर. निघून पोचायला तिला दुसरा दिवस उजाडणार.

बाहेर येऊन मी फक्त "पेडणेकर सर" एवढंच म्हटलं. मोतीबायने टोपली बाजूला सारली, पदर खोचला आणि हातगाडीला हात लावला. मी नितळ लाद्या काढल्या. मालकांनी बघितलं आणि गाडीवर गोणपाट टाकलं.

लाद्या लावून होतायत तोवर नाडकर्णी आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा. चपला काढून हात जोडले आणि म्हणाले, "काकू, फार वाईट झालं. पण बर्फाचं पाणी जिन्यावरून खाली जातं, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतायत, मुलं घाबरतात. संध्याकाळपर्यंत उरकून घेतलं तर..."

काकू उठल्या. कपाट उघडून लुगड्यांच्या घडीखालून एक कागद काढला.

"वाचा."

नाडकर्णींनी चष्मा लावला. खाली त्यांचीच सही होती. "हा तर तो... चिंबोरीचा..."

"रद्द झालाय?"

"नाही."

"किती दिवस ठेवायचं, मुदत लिहिली आहे?"

"नाही."

"मग बसा. चहा टाकते."

नाडकर्णी बसले. मग तेच उठून पत्र्याची परात शोधायला गेले. मी परातीला रबरी नळी लावून पाणी मोरीत सोडलं. जिन्यावर एक थेंब गेला नाही.

शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई ओल्या कापडाचा बोळा घेऊन पुढे झाली, काकूंच्या कपाळाकडे बघत. काकूंनी तिचा हात हळूच खाली केला.

"अजून नाही. ते रजेवर आहेत. सुधा येऊ दे."

मोतीबायने दाराशी बसून तोंडावर पदर घेतला. मीही, खरं सांगतो, लादी सारखी करायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजा बर्फ घेऊन गेलो तेव्हा काकू एकट्याच त्यांच्या उशाशी होत्या. कुंकू ताजं लावलेलं. मला राहवेना. म्हटलं, "काकू, एक सांगायचं राहिलंय. त्या सभेत ती चिंबोरी..."

"मेली नव्हती," काकू म्हणाल्या. "परब, वेंगुर्ल्यात वाढले मी. कुर्ली कधी मेली आणि कधी गारठली, हे मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही पहिला हात वर केलात तो?"

त्यांनी सरांच्या अंगावरची चादर सारखी केली. "त्यांना हो म्हणणारं कोणीतरी हवं होतं ना. कुंकवाचं मी विचारलं, तर माणूस चार दिवस धड जेवला नाही. म्हटलं, थांबेन मी. पंचाहत्तर वर्षं काही माझ्याच्याने व्हायची नाहीत, पण जमेल तेवढं थांबेन."

दुपारी सुधा आली. बापाजवळ बसली, पोटभर रडली. मग काकू स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, "आता न्या." मी शेवटच्या लादीचा उरलेला तुकडा उचलला. विटेएवढा राहिला होता, पण अजून नितळ होता.

दोन हजार एकसष्टला मी नसणार, हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण असतील. त्यांनी शहराचे दिवे टाळून कुठेतरी लांब जाऊन बघावा, एवढं सरांच्या वतीने सांगतो. सरांनी पंचाहत्तर वर्षांची रजा मागितली होती, मिळाली एका दिवसाची. पण रीतसर मिळाली, ठरावासकट, आणि बायकोच्या कपाळावर कुंकू असताना. बर्फ माझ्या हातचा होता.